इंजिन काय पाहत नाही

१९८७ साली ब्रसेल्समधल्या एका स्पर्धेच्या वेळी इंग्लंडच्या जेम्स प्लास्केटनं जमलेल्या ग्रँडमास्टरांपुढे बुद्धिबळाचं एक कोडं मांडलं. पांढऱ्याची चाल, पांढऱ्यानं जिंकायचं. भल्याभल्यांना ते सुटेना. माजी विश्वविजेता मिखाइल ताल बागेत फेरी मारायला गेला आणि उत्तर घेऊन परतला, असं सांगतात. रचना डच कोडेकार फान ब्रूकेलेन याची, पण तिला नाव चिकटलं ते प्लास्केटचं.

या कोड्यात पांढऱ्याकडे राजा, उंट, घोडा आणि दोन प्यादी आहेत. त्यातलं एक प्यादं वजीर होण्यापासून एकाच घरावर आलेलं. काळ्याकडे दोन घोडे, एक उंट आणि चार प्यादी. पांढरा आधी आपला घोडा देतो. मग प्याद्याचा वजीर करतो आणि काळ्या घोड्याच्या दुहेरी माऱ्यात तो वजीरही जाऊ देतो! उरतात राजा, उंट आणि एक प्यादं. पण तोवर काळा राजा पटाच्या कडेला असा अडकलेला असतो की त्याला हलायला एकही घर नाही. उंटाचा एक शह लागला की मात. उंट एकेका चालीला नव्या बाजूनं मातेची धमकी देत राहतो. ती रोखायला काळ्याला दोनदा प्याद्याचा वजीर न करता घोडा करावा लागतो. शेवटी काळ्याकडे चार घोडे होतात आणि तरीही तो हरतो. कारण उंट अखेर अशा कर्णावर येतो, जिथला शह त्या चौघांना अडवता येत नाही.

अशी स्थिती स्टॉकफिश आणि लीला चेस झिरो या दोन वेगळ्या इंजिनांना, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामना, दिली की ते तिच्याकडे कसं पाहतात?

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९५० च्या आपल्या बुद्धिबळावरच्या लेखात यंत्रापुढचे दोन रस्ते सांगून ठेवले होते. एक, प्रत्येक चाल तपासायची. दुसरा, निवडक चालीच तपासायच्या, पण खोलवर. एका स्थितीत साधारण ३० चाली शक्य असतात. म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल झाली की ९०० शक्यता, आणि प्रत्येकी पाच चालींनंतर हा आकडा १ वर १४ शून्यांच्या पुढे जातो. पहिला रस्ता त्यामुळे फार लांब जात नाही. आजची सगळीच बलवान इंजिनं दुसऱ्या रस्त्यानं जातात. फरक पडतो तो काय सोडून द्यायचं हे कशावरून ठरवायचं, यात.

स्टॉकफिशच्या मुळाशी अल्फा-बीटा ही जुनी पद्धत आहे. एखाद्या चालीला एक जरी खणखणीत उत्तर सापडलं, तर ती चाल वाईट ठरली. बाकीची उत्तरं तपासत बसायचं कारण नाही. या छाटणीत नुकसान काहीच होत नाही, कारण जे गाळलं त्यानं निकाल बदललाच नसता. मात्र त्यावर रचलेल्या युक्त्या सट्ट्याच्या आहेत. चाली आधी आशेच्या क्रमानं मांडायच्या आणि यादीत खाली असलेल्या उथळ तपासायच्या, हा एक सट्टा. दुसरा त्याहून धाडसी: समजा मी माझी पाळी सोडून दिली आणि तरीही माझी स्थिती उत्तमच राहिली, तर इथे जास्त खोदायला नको. बहुतेक डावांत हे चालून जातं. पण झुगझ्वांगमध्ये, जिथे चाल करावी लागणं हीच अडचण असते, तिथे हा तर्क साफ उलटा पडतो. म्हणून मोजकी मोहरी उरली की प्रोग्रामर या युक्तीला लगाम घालतात.

लीला चेस झिरोची घडण वेगळी. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझिरो या प्रोग्रामनं २०१७ च्या शेवटी स्टॉकफिशला हरवलं, तेव्हा तो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होता आणि स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. त्याच कल्पनेवर २०१८ मध्ये लीलाचा खुला प्रकल्प उभा राहिला. स्वतःशीच खेळलेल्या असंख्य डावांतून शिकलेलं न्यूरल नेटवर्क स्थिती पाहताच दोन गोष्टी सांगतं: डाव कुणाकडे झुकला आहे आणि कुठली चाल किती आशादायक वाटते. शोधाचा बराचसा वेळ आशादायक चालींवर खर्च होतो. नेटवर्कला जी चाल हास्यास्पद वाटते, तिच्याकडे वळायची वेळ फार उशिरा येते, किंवा येतच नाही.

प्लास्केटचं कोडं नेमकं अशा चालींचं बनलेलं आहे. नवा वजीर फुकट द्यायचा, तोही समोरच्याकडे ढीगभर मोहरी असताना! २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही दोन्ही इंजिनं या कोड्यावर बसवली, तेव्हा स्टॉकफिश सरस ठरलं. ते अब्जाहून अधिक स्थिती धुंडाळून उत्तरापर्यंत पोचलं. माझ्या मते यात लीलाची अक्कल कमी ठरत नाही. खऱ्या डावांत जी जाण तिला उपयोगी पडते, तीच इथे तिची वाट अडवते. कोडी रचणारा माणूस मुद्दाम जाणकाराच्या सवयीविरुद्ध रचतो.

पण नुसत्या वेगानंही सगळं सुटत नाही. २०१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या नावाच्या संस्थेनं एक स्थिती जाहीर केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि चक्क तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिनं काळा सहज जिंकतो म्हणत होती. नीट पाहिलं तर वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे आहेत. पांढऱ्यानं हत्ती मारायचा मोह टाळून राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला, की डाव बरोबरीत. मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता दोघांच्या ५० चाली झाल्या की बरोबरी मागता येते, आणि इंजिनच्या शोधाला ते टोक सुरुवातीला दिसत नाही. माणूस इथे चाली मोजतच नाही. कोण कुठे पोचू शकतं, एवढंच पाहतो.

दोन इंजिनं शेजारी लावून आकड्यांची तुलना करणाऱ्यांनी थोडं जपून राहावं. स्टॉकफिशची खोली ४० म्हणजे ४० अर्धचालींपर्यंतचं (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धचाल) सगळं पाहिलं असं नव्हे. मुख्य ओळ तिथवर गेली, बाजूच्या फांद्या कधीच छाटल्या गेल्या. लीलाची खोली वेगळ्याच हिशोबानं मोजतात. इंजिन स्थितीला जे गुण देतं, त्यांचंही तसंच. एकेकाळी +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी असा सरळ अर्थ होता. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशमध्ये +१ म्हणजे जिंकण्याची साधारण निम्मी शक्यता. २०२० मध्ये स्टॉकफिशनंही स्थिती जोखायला छोटं न्यूरल नेटवर्क घेतलं, तेव्हा दोघांतला आजचा खरा फरक जोखण्यापेक्षा शोधण्यात जास्त आहे.

अवघड स्थितीत इंजिन अडलं असं वाटलं, तर एकाऐवजी चार-पाच ओळी दाखवायला सांगावं. मग त्याला बाजूला टाकलेल्या चालींकडेही पूर्ण खोलीनं पाहावं लागतं. आणखी एक उपाय म्हणजे संशयित चाली हातानं करून पुढे जायचं, तिथे इंजिनला थोडा वेळ द्यायचा आणि मग एकेक चाल मागे यायचं. पुढे सापडलेलं त्याच्या स्मृतीत राहिलेलं असतं, त्यामुळे मघाशी शून्यावर रेंगाळणारा आकडा कित्येकदा परतीच्या वाटेवर चढताना दिसतो.