शेअर्ड लायब्ररींसह लिनक्स ॲप्लिकेशनचे डिप्लॉयमेंट

एका संगणकावर कंपाइल केलेला लिनक्स प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररींसह (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइलींसह), दुसऱ्या संगणकावर चालता करून देण्याची पद्धत. अशा प्रोग्रॅमच्या ईएलएफ फाइलमध्ये (लिनक्सवर चालणाऱ्या फाइलींचा हा ठरलेला प्रकार) लायब्ररींची फक्त नावे नोंदलेली असतात, त्यांचा कोड नसतो. प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लोडर ती नावे वाचून फाइली शोधतो. एक जरी सापडली नाही, तरी मेनपर्यंत (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडच्या सुरुवातीपर्यंत) पोहोचण्याआधीच सगळे थांबते.

समजा, नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून कोणी सातपूर एमआयडीसीतल्या टेस्ट बेंचसाठी सी++ प्रोग्रॅम लिहिला. कारखान्यातल्या पीसीला इंटरनेट नाही, म्हणून फाइल पेन ड्राइव्हवरून गेली. पीएलसीशी (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरशी) बोलणारी लिबमॉडबस.एसओ.५ तिथे नाही; टर्मिनलवर तिचे नाव आणि ‘नो सच फाइल’ एवढेच उमटते. हे आधी घरीच कळू शकते. एलडीडी ही कमांड लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते आणि न सापडलेल्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ लिहिते. अनोळखी फाइलवर मात्र एलडीडी चालवू नये, कारण त्यात ती फाइलच चालून जाऊ शकते. तिथे फाइल न चालवता नुसती वाचणारे रीडएल्फ वापरावे.

शोधाचा क्रम असा: फाइलमध्ये कोरलेला आरपाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी), मग एलडी_लायब्ररी_पाथ हे व्हेरिएबल, मग रनपाथ (फाइलमधलीच तशी नव्या पद्धतीची यादी), मग एलडीकॉन्फिग या कमांडने बनवलेली कॅश (लायब्ररींच्या जागांची नोंद) आणि शेवटी सिस्टिमचे ठरलेले फोल्डर. रनपाथ असेल तर आरपाथ विचारात घेतला जात नाही. व्हेरिएबल सेट करणारी शेल स्क्रिप्ट चटकन जमते, पण प्रोग्रॅमने सुरू केलेल्या इतर प्रोग्रॅमांनाही ते व्हेरिएबल लागू होते. त्यापेक्षा लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवून रनपाथमध्ये ‘डॉलर-ओरिजिन’ लिहिणे चांगले; याचा अर्थ ‘ही फाइल जिथे आहे ते फोल्डर’. तयार फाइलवर हे काम पॅचएल्फ करते. रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींना लागू होतो. सोबत नेलेल्या लायब्ररीला आणखी एखादी लागत असेल, तर तिच्यातही वेगळा रनपाथ घालावा लागतो. नेमके हेच विसरले जाते.

दिंडीने शिधा बांधून घ्यावा तशा लायब्ररी सोबत घ्याव्यात, पण जीएलआयबीसी (लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी) घेऊ नये. ती आणि लोडर एकाच बांधणीचे असावे लागतात. लोडर यजमानाचा आणि जीएलआयबीसी आपली असा मेळ सहसा बसत नाही. जीएलआयबीसीतल्या सिंबॉलना (फंक्शन वगैरेंच्या नावांना) आवृत्ती असते. उबंटू २२.०४ वर (जीएलआयबीसी २.३५) बांधलेला साधा प्रोग्रॅमही उबंटू २०.०४ वर (२.३१) ‘जीएलआयबीसी_२.३४ सापडत नाही’ म्हणून अडतो, कारण २०२१ च्या २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी आवृत्ती मिळाली. उलट, जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते. म्हणून ग्राहकांकडच्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर, निदान तिच्या कंटेनरमध्ये (आपल्याच संगणकावर वेगळ्या ठेवलेल्या तिच्या प्रतीत), बांधणी करावी.

प्रोग्रॅम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडल्या जाणाऱ्या फाइली एलडीडीला दिसत नाहीत. क्यूटी या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीचा एक्ससीबी प्लगइन (पडद्याशी जोडणारी पूरक फाइल) हे ठळक उदाहरण: यादी पूर्ण, तरी खिडकी उघडत नाही. प्लगइनचे फोल्डरही सोबत द्यावे आणि काहीही इन्स्टॉल न केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्क बंद करून, एकदा चालवून पाहावे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला बंद बेंचसमोर बसावे लागू नये यासाठी तेवढा वेळ द्यायलाच हवा.

ॲपइमेज, फ्लॅटपॅक, स्नॅप आणि डॉकर हे याच कामाचे तयार मार्ग आहेत. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीसह स्टॅटिक लिंकिंग केल्यास, म्हणजे लायब्ररींचा कोड प्रोग्रॅमच्या फाइलीतच घातल्यास, लायब्ररींचा प्रश्नच उरत नाही. मात्र एलजीपीएल या मुक्त परवान्याखालची लायब्ररी स्टॅटिक लिंक केली, तर वापरणाऱ्याला ती बदलून पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते.