गावकीची खोली: मुंबईत नव्याने आलेल्यांचं पहिलं बिऱ्हाड

गिरणगावातल्या जुन्या चाळी पुनर्विकासाला लागल्या, तसा गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोल्यांचा विषय पुन्हा निघू लागला आहे. मुंबईत नव्याने उतरणाऱ्याला पहिला आसरा दिला तो याच खोल्यांनी.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणीचा भोंगा वाजला. मग गिरण्या वाढत गेल्या. कोकणातला माणूस बोटीने धक्क्याला लागायचा, घाटावरचा रेल्वेने यायचा. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतले शंभरातले ऐंशीहून जास्त लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा.

काम मुकादमाच्या ओळखीने मिळे, तेही आधी बदलीचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी. राहायची सोय गावाने केलेली असे. एका गावच्या मंडळींनी वर्गणी काढून चाळीत दहा-बारा फुटांची खोली घ्यायची आणि त्यात वीस-पंचवीस जणांनी राहायचं. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि दोरीवर कपड्यांपुरती जागा. रातपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याची जागा मोकळी झालेली असे. उन्हाळ्यात निम्मी खोली गॅलरीत झोपे. धोबी तलावच्या आसपास गोयंकारांनी हीच सोय ‘कूड’ म्हणून उभी केली. तिथे संध्याकाळी एकत्र प्रार्थना व्हायची.

जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे बहुतेकदा शेजारच्या खोलीतल्या बाईची चूल, हिशेब पगाराला. या बायकांच्या कष्टांची नोंद फार उशिरा झाली. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या गेल्या, खानावळी ओस पडल्या. खोल्या मात्र टिकल्या. गिरणी कामगाराच्या जागी नोकरी शोधणारी, शिकणारी पोरं आली.

आता पेच आहे तो कागदाचा. भाडेपावती एखाद्या जुन्या गाववाल्याच्या नावावर, पैसा मात्र सगळ्या गावाचा. पुनर्विकासात मिळणारा नवा फ्लॅट कोणाचा, यावरून भाऊबंदकी होण्याआधी ग्रामस्थ मंडळांनी वर्गणीच्या जुन्या वह्या आणि ठराव शोधून, झेरॉक्स काढून वकिलाला दाखवावेत.