टीम ट्रायथलॉनमधली जोड

टीम ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या शर्यतीच्या टीमवाल्या प्रकारात, आपला कुठला खेळाडू समोरच्यांच्या कुठल्या खेळाडूपुढे उतरवायचा, हे ठरवण्याला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द कुस्तीच्या फडातला आहे, जोड लावणं. फरक एवढाच की फडात जोड तोडीस तोड बघून लावतात आणि इथे मुद्दाम विजोड लावण्यातच सगळी गंमत.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे कॉलिन्स कप. आयर्नमॅन ही लांब अंतराची ट्रायथलॉन सुरू करणाऱ्या जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याचं नाव दिलेली ही स्पर्धा, गोल्फमधल्या रायडर कप या टीम स्पर्धेच्या धर्तीवर, स्लोव्हाकियातल्या शामोरिनला २०२१ आणि २०२२ मध्ये झाली आणि दोन्ही वेळा युरोप जिंकलं. टीम तीन: युरोप, अमेरिका आणि उरलेलं जग. प्रत्येकीत ६ बाया, ६ पुरुष. मॅच १२, प्रत्येक मॅचमध्ये तिन्ही टीमचा एकेक जण, आणि अंतर २ किमी पोहणं, ८० किमी सायकल, १८ किमी पळणं. दर दहा मिनिटांनी पुढची मॅच सुटायची. कोण कुणाशी भिडणार हे कॅप्टन लोक आधीच, एकमेकांसमोर बसून ठरवायचे. नाव आधी टाकणारा फसतो, कारण बाकीचे दोघं ते बघून आपला पत्ता काढतात.

आता पॉइंट बघा. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. एवढंच असतं तर सोपं होतं, समोरच्याच्या वाघापुढे आपला सगळ्यात कच्चा गडी टाकायचा, तो दहा सेकंदांनी हरला काय नि दहा मिनिटांनी हरला काय, सारखंच. पण २ मिनिटांच्या फरकाला अर्धा, ४ ला एक आणि ६ ला दीड असा बोनस पुढच्याला होता, म्हणजे बळीचा बकरा फुकट मिळत नाही. मग कॅप्टनला वाघापुढे असा माणूस लागतो जो जिंकणार नाही पण फुटणारही नाही. शिवाय टीम तीन असल्यामुळे वाघ एकटा पुढे निघून गेला तरी मागच्या दोघांत दुसऱ्या नंबरची वेगळी मारामारी चालूच. माझ्या मते खरं डोकं तिथेच लागतं, पण टीव्हीवर सगळे कॅमेरे वाघाच्या मागे.

टीममधले चार पुरुष, चार बाया रँकिंगवरून यायचे, उरलेले दोन-दोन कॅप्टनच्या मर्जीचे. २०२१ ला अमेरिकेने असंच टेलर निबला घेतलं. ती मुख्यतः छोट्या अंतरात खेळणारी, या अंतराचं तिचं रेकॉर्ड फारसं नव्हतंच, त्यामुळे तिच्यापुढे कोण ठेवायचा याचा अंदाज बांधणार कसा? अशा शर्यतीत वारा कापायला बनवलेली खास सायकल वापरतात, ती साध्या रोड बाइकवर आली आणि बायकांत त्या दिवशीचा सगळ्यात कमी वेळ तिचाच.

ऑलिम्पिकच्या मिक्स्ड रिलेत, म्हणजे बायका-पुरुषांच्या टीमने आळीपाळीने करायच्या शर्यतीत, जोड अशी उघड लावत नाहीत, तिथे क्रम हीच जोड. दोन बाया नि दोन पुरुष असे चौघं, प्रत्येकी ३०० मीटर पोहणं, साधारण ७ किमी सायकल, २ किमीच्या आतबाहेर पळणं. सायकलवर ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला वारा चुकवत जाणं, चालतं, म्हणून पोहून उशिरा बाहेर आलात की पुढचा घोळका गेला, एकट्याने वारा खात बसा. टोकियोत क्रम बाई-पुरुष-बाई-पुरुष होता, ब्रिटनने शेवटी ॲलेक्स यीला ठेवून गोल्ड काढलं. पॅरिसला क्रम उलटा झाला, पुरुष आधी, त्यामुळे काही दिवसांपूर्वीच वैयक्तिक गोल्ड जिंकलेल्या यीला शेवटी ठेवता येईना, ब्रिटनने त्याला पहिल्याच लेगला (टप्प्याला) उतरवलं आणि शेवट बायकांच्या हातात गेला. तिथे जर्मनीची लॉरा लिंडेमन, निब आणि ब्रिटनची बेथ पॉटर अशी तिघींची जोड पडली. लिंडेमनने स्प्रिंटमध्ये मारलं, आणि सिल्व्हर निबचं की पॉटरचं हे ठरवायला फोटो बघावा लागला, निबला मिळालं.