पेटंटची वकिली करायची आहे? आधी पदवी तपासा

बौद्धिक संपदेच्या वकिलाला वेगळी सनद लागत नाही. एलएलबी करायचं, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची, ऑल इंडिया बार परीक्षा द्यायची. एवढ्यावर ट्रेडमार्क, कॉपीराइट, अगदी पैठणीसारख्या भौगोलिक मानांकनाचीही कामं करता येतात.

पेटंटचं तसं नाही, आणि हे अनेकांना एलएलबीच्या शेवटच्या वर्षी कळतं याचं फार वाईट वाटतं. पेटंट अर्जाचा मसुदा करून तो अशिलाच्या वतीने दाखल करायचा तर पेटंट एजंट म्हणून नोंद लागते. पेटंट कायदा १९७०, कलम १२६ प्रमाणे अर्जदार भारतीय नागरिक हवा, वय २१ पूर्ण हवं आणि पदवी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची हवी. म्हणजे बीए किंवा बीकॉम करून एलएलबीला आलेल्यांची वाट इथेच अडते. उलट, बीएस्सी झालेल्याला एलएलबी नसतानाही एजंट होता येतं. मात्र कोर्टात उभं राहायला सनद लागतेच.

शिवाय पेटंट एजंटची परीक्षा पास व्हावी लागते. तिच्यात १००-१०० गुणांचे दोन पेपर आणि ५० गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के हवेत. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, पाठांतराने निभावतो. खरा कस दुसऱ्यात, कारण तिथे दावे लिहायचे असतात, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते शब्दांत मांडायचं असतं. समजा, कुणी कांदा लावणीचं यंत्र बनवलं आणि तुम्ही दाव्यात ‘लोखंडी दाते’ लिहिलं, तर दुसरा प्लॅस्टिकचे दाते लावून मोकळा. नुसतंच ‘दाते’ लिहिलं, तर दाते असलेलं एखादं जुनं यंत्र आडवं येऊ शकतं, कारण मग शोध नवा ठरत नाही. म्हणून यंत्र समजणारा माणूस लागतो. ही अट मला रास्त वाटते.

सनदेच्या अर्जाला दहावीपासून एलएलबीपर्यंतच्या गुणपत्रिका, पदवीचे दाखले, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पेटंट एजंट म्हणून नोंदणीचा अर्ज नमुना २२ मध्ये असतो. सोबत पदवी, वय आणि नागरिकत्वाचे पुरावे. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही, म्हणून पेटंट कार्यालयाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. आणि दहावीच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.