जिगसॉ चित्रकोडे : घरगुती कटिंग मशीनसाठी आराखडा

घरात टेबलावर मावणाऱ्या, संगणकावरून चालणाऱ्या कटिंग मशीनवर आपल्याच चित्राचे जिगसॉ कापता यावे, म्हणून कापाच्या रेघा आखण्याचे काम. क्रिकट, सिल्हूट कॅमिओ आणि ब्रदर स्कॅनएनकट ही अशा मशीनची परिचित नावे. चित्र निवडणे हा या कामाचा सोपा भाग. खरी आखणी रेघेची असते, कारण चित्र जिथे दोन तुकड्यांतला फरक सांगू शकत नाही, तिथे तो कापाने सांगावा लागतो.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही या यंत्राचे थोरले भावंड ओळखीचे आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर आणि काचेवर नावे चिकटवून देणाऱ्या 'रेडियम कटिंग'च्या दुकानातला प्लॉटर, म्हणजे संगणकावरच्या रेघेप्रमाणे पाते फिरवणारे यंत्र, याच तत्त्वावर चालतो. प्रेशर, स्पीड, ऑफसेट हे शब्द तिथल्या कारागिराच्या तोंडी असतात. नवशिक्याने तासभर त्याच्याजवळ बसावे. मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेपेक्षा जास्त कळते.

यातला ऑफसेट आधी समजून घ्यायला हवा. साध्या पात्याचे टोक त्याच्या दांड्याच्या बरोबर मध्यावर नसते, किंचित बाजूला असते. त्यामुळे पाते रेघेच्या मागे ओढले जाते आणि वळणावर आपोआप फिरते. गोलसर वळण ते सहज घेते. काटकोनात वळवले तर टोक जागच्या जागी घसटते आणि पुठ्ठ्याचा थर उचकटतो. म्हणून तुकड्याच्या खुंटीचा, म्हणजे शेजारच्या तुकड्यात अडकणाऱ्या गोल टोकाचा, गळा कधीही टोकदार ठेवू नये. खुंटीचे डोके गळ्यापेक्षा रुंद हवे, नाहीतर तुकडे अडकत नाहीत. पण गळा फार बारीक केला तर चार वेळा जुळवल्यावर तो मोडतो. दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्याला गळा निदान पाच-सहा मिलिमीटर ठेवणे बरे.

दुसरी गोष्ट दुहेरी रेघेची, आणि बहुतेकांचे पहिले कोडे इथेच बिघडते. ए-फोर कागदावर आठ गुणिले सहा असे ४८ तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा साधारण ३७ गुणिले ३५ मिलिमीटरचा होतो आणि तुकड्यांमध्ये ८२ सांधे येतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्र बंद आकृती म्हणून काढला, तर पाते हे ८२ सांधे दोन-दोनदा कापते. दुसऱ्या खेपेला पुठ्ठा केसभर सरकलेला असतो आणि कडेला तुसे निघतात. तेच कोडे सात उभ्या, पाच आडव्या नागमोडी रेघा आणि एक चौकट, अशा एकूण तेरा रेघांत आखता येते. इंकस्केप या मोफत प्रणालीत अशा रेघा काढून एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या रूपात चित्र साठवणारी, फाइल तयार करता येते. आधी आतल्या रेघा कापाव्यात, चौकट सगळ्यात शेवटी. चौकट आधी कापली की आतला पुठ्ठा मोकळा होऊन हलतो.

सामान गावातच मिळते. स्टेशनरीच्या दुकानातला ग्रे बोर्ड किंवा जाड कार्डशीट, आणि त्यावर फोटो छापलेला स्टिकर पेपर. पातळ डिंकाने चिकटवलेला कागद सुकताना आखडतो आणि पुठ्ठ्याला बाक देतो; उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हे लवकर घडते. त्यामुळे स्टिकर पेपर बरा, आणि चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवलेला आणखी बरा. क्रिकट मेकर हे मशीन २०१७ साली आले. त्याचे जाड पाते सुमारे २.४ मिलिमीटरपर्यंत कापते, पण एकाच फेरीत नव्हे. हलक्या दाबाच्या अनेक फेऱ्या लागतात, आणि तोवर पुठ्ठ्याच्या चारही कडा मशीनच्या मॅटवर (कापताना खाली ठेवायच्या चिकट चटईवर) मास्किंग टेपने पक्क्या बसवलेल्या हव्यात. साध्या मशीनवर कार्डशीटपुरतेच थांबावे.

आता चित्र. बीबी का मकबऱ्याचा समोरून काढलेला फोटो भिंतीवर देखणा दिसतो, पण जिगसॉत अवघड जातो. डावी-उजवी बाजू सारखी, चारही मिनार सारखे, वर मोठे आभाळ. सगळ्या खुंट्या एकाच मापाच्या असतील, तर डाव्या मिनाराचा तुकडा उजवीकडेही बसतो आणि जुळवणाऱ्याला चूक शेवटी कळते. इथे रेघेने मदत करावी: प्रत्येक खुंटी मध्यापासून थोडी सरकवावी, एखादी तिरकी, एखादी बुटकी. वेरूळचे कैलास लेणे एकाच काळ्या-करड्या बेसाल्टचे. भर दुपारचा फोटो घेतला तर सगळे तुकडे सारखेच वाटतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडतात आणि तुकड्यांना ओळख मिळते.

पैठणीचा पदर मात्र या कामासाठी जणू तयारच असतो. रंग ठळक, नक्षी बारीक. त्यातली मुनिया (म्हणजे पोपट) किंवा मोर अखंड तुकडा म्हणून कापता येतो, आणि मुलांना हा आकाराचा तुकडा सगळ्यात आधी हवा असतो. पोपटाची चोच थोडी बोथट करावी लागते, एवढेच.

जिगसॉची सुरुवात नकाशापासून झाली. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात महोगनीच्या फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले. उद्देश मुलांना भूगोल शिकवण्याचा होता. त्या तुकड्यांना खुंट्या नव्हत्या. जिगसॉ हे नाव नंतरच्या काळात करवतीवरून पडले. मराठवाड्याच्या घरात करण्याजोगे सर्वांत चांगले कोडे माझ्या मते हेच, आपल्या जिल्ह्यांचे. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. १ मे १९८१ रोजी जालना, १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळे झाले. एकाच बाह्यरेषेत पाच तुकड्यांचा एक संच आणि आठ तुकड्यांचा दुसरा. जुन्या परभणीच्या जागी हिंगोली ठेवून पाहणाऱ्या मुलाला उरलेली जागा दिसते, आणि त्या जागेचा निम्मा इतिहास त्याला न सांगता कळतो. आठांच्या संचात परभणीचा तुकडा मधोमध येतो. जालना, बीड, लातूर, नांदेड आणि हिंगोली हे पाचही त्याला भिडतात.

नकाशात काप छापील सीमेवर तंतोतंत पडायला हवा. मकबऱ्याच्या फोटोत काप दोन मिलिमीटर सरकला तरी कोणाला कळत नाही. म्हणून इथे कोपऱ्यांत छापलेल्या काळ्या खुणा वाचून कापण्याची मशीनची सोय वापरावी. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होऊन मशीनला त्या खुणा नीट दिसत नाहीत. चमक नसलेले (मॅट) लॅमिनेशन घ्यावे. तरीही अर्धा मिलिमीटर फरक राहतो. सीमा काळ्या रेघेने छापू नये, दोन जिल्ह्यांच्या रंगांमध्ये दोन मिलिमीटर पांढरी पट्टी सोडावी. काप तिच्यात कुठेही पडला तरी खपतो. संगणकावरच्या नकाशात सीमेवर हजारो बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूवर पाते अडखळते. जालना आणि बीड यांच्या सीमेवरून जाणारी गोदावरीची वळणे गोलसर करून घ्यावीत, पण जिल्हा-जिल्हा वेगळा घेऊन नव्हे. एकच सीमा दोनदा सोपी केली की दोन रेघा जुळत नाहीत आणि मध्ये फट पडते. सामाईक सीमा एकदाच काढावी, एकदाच कापावी.

पुठ्ठ्याच्या दुसऱ्या तावातून मराठवाड्याची बाह्यरेषा कापून उरलेली चौकट तळाच्या पुठ्ठ्यावर चिकटवली की दोन्ही संचांचा ट्रे होतो. पाते लेझरसारखा पुठ्ठा जाळत नाही, म्हणून कापात मोकळी जागा उरत नाही; त्यामुळे ट्रेची रेघ तुकड्यांच्या रेघेपेक्षा अर्धा मिलिमीटर बाहेर काढावी. नाहीतर शेवटचा जिल्हा दाबूनच बसवावा लागतो.