दोन फ्रँक थॉमस

अमेरिकी बेसबॉलच्या नोंदी चाळताना फ्रँक थॉमस हे नाव दोन वेगळ्या काळांत भेटते आणि वाचकाचा घोटाळा होतो. दोघेही उजव्या हाताने फटके मारणारे, दोघांचेही नाव होम रनसाठी (चेंडू थेट मैदानापार धाडणाऱ्या फटक्यांसाठी) गाजलेले आणि दोघेही शिकागोत खेळलेले. फरक इतकाच, की एक शहराच्या उत्तर भागातल्या कब्सकडून खेळले आणि दुसरे दक्षिणेकडच्या व्हाइट सॉक्सकडून. दोघांत नाते काहीच नाही, तरी सोयीसाठी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणू.

थोरल्यांचा जन्म १९२९ चा, पिट्सबर्गचा. धर्मगुरू होण्यासाठी काही वर्षे सेमिनरीत शिकून ते बेसबॉलकडे वळले आणि १९५१ मध्ये गावच्याच पायरेट्स संघातून मोठ्या मैदानावर उतरले. १९५८ मध्ये त्यांनी ३५ होम रन मारले, आणि पुढच्याच जानेवारीत संघाने त्यांना सिनसिनाटीला देऊन टाकले. त्या काळी करारातल्या राखीव कलमामुळे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे. कुठे खेळायचे हे त्याच्या हातात नव्हते. १९६६ पर्यंत ते एकूण सात संघांतून फिरले. त्यांतला न्यूयॉर्क मेट्स हा संघ तर १९६२ मध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात, १२० सामने हरला. तरी थोरल्यांनी त्यात ३४ होम रन मारले. एकूण होम रन २८६, म्हणजे कारकीर्द चांगलीच, पण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या दालनात, नेणारी नव्हे.

धाकटे १९६८ मध्ये जॉर्जियातल्या कोलंबस येथे जन्मले आणि ऑबर्न विद्यापीठात अमेरिकी फुटबॉलही खेळले. १९९० ते २००५ असे सोळा हंगाम ते व्हाइट सॉक्समध्येच होते, आणि ‘बिग हर्ट’ हे टोपणनावही तिथेच मिळाले. १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन वर्षे ते अमेरिकन लीगचे (बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एकीचे) सर्वोत्तम खेळाडू ठरले. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप होऊन हंगाम अर्धवट राहिला नसता, तर ३८ होम रनचा त्यांचा आकडा आणखी वाढला असता. कारकिर्दीअखेर ५२१ होम रन आणि .३०१ ची सरासरी त्यांच्या नावावर होती. (क्रिकेटच्या सवयीने इथे गोंधळू नये: ही सरासरी धावांची नसून यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाची असते.) त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वाईट चेंडू सोडून देण्याचा संयम; असे चार चेंडू पडले की फटकेबाजाला पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) आपोआप मिळतो, आणि ते असे १,६६७ वेळा पहिल्या बेसवर गेले. २०१४ मध्ये, पात्र ठरताच पहिल्याच मतदानात, ते हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेले.

मात्र २८६ आणि ५२१ हे आकडे थेट शेजारी ठेवणे थोरल्यांवर अन्यायाचे आहे. अमेरिकन लीगने १९७३ मध्ये डेझिग्नेटेड हिटरचा नियम आणला. त्यानुसार पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) एक खेळाडू केवळ फटकेबाजीसाठी येतो आणि क्षेत्ररक्षण करत नाही. धाकटे निम्म्याहून अधिक सामने याच भूमिकेत खेळले. थोरल्यांच्या वेळी ही सोयच नव्हती, त्यामुळे आउटफिल्ड, तिसरा बेस आणि पहिला बेस अशा तिन्ही जागा त्यांना सांभाळाव्या लागल्या.

दोघांच्या वाट्याला आलेली एक हुरहूर मात्र विलक्षण सारखी आहे. थोरल्यांच्या बदल्यात पायरेट्सना डॉन होक, हार्वी हॅडिक्स आणि स्मोकी बर्जेस मिळाले आणि त्या तिघांसह संघाने १९६० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, जिंकली. ती स्पर्धा खेळण्याचा योग थोरल्यांना कधीच आला नाही. धाकट्यांचा संघ २००५ मध्ये विजेता ठरला, पण पायाच्या दुखापतीमुळे त्या हंगामात ३४ सामनेच खेळलेल्या धाकट्यांना वर्ल्ड सिरीज मैदानाबाहेरूनच पाहावी लागली. विजेत्यांची अंगठी त्यांना मिळाली. थोरल्यांना तीही नाही.