सर्पदंश-प्रतिबंध, गिरिभ्रमणातील

मुंबई व लगतच्या डोंगरांत भटकंती करताना सर्पदंश टाळण्याची आणि झाल्यास जीव वाचवण्याची रीत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौ. किमी.), येऊर, तुंगारेश्वर, कर्नाळा व माथेरान ही या भटकंतीची मुख्य क्षेत्रे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवरच भारतातील प्रतिसर्पविष (सर्पविषावरचे औषध) तयार होते. करवंदीच्या जाळीत वा बांबूत हाताच्या उंचीवर बसणारा हिरवा चापडा त्यात येत नाही. ‘घोणस’ हा शब्द अमरकोशातील ‘गोनास’ (गाईसारख्या नाकाचा) यावरून आला असावा. काठी आपटत चालावे हा सल्ला अर्धाच खरा आहे. जमिनीतील कंप जाणवताच धामण निघून जाते. घोणस, फुरसे व चापडा मात्र रंगावर विसंबून जागेवरच थांबतात. फुरसे वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करते, घोणस कुकरच्या वाफेसारखा दीर्घ फूत्कार सोडते. तो ऐकू येताच जागीच थांबून, साप दिसल्यावर मागे सरावे. घोट्यावर जाणारे बूट घालावेत, कातळाच्या खाचेत न पाहता हात घालू नये, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये.

दंशानंतर बांधावे की नाही, हा जुना वाद आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात (विषांविषयीच्या भागात) हातापायाला दंश झाल्यास त्याच्या वर चार अंगुळांवर ‘अरिष्टा’ (बंध) बांधण्यास सांगितले असून ते सर्व सापांना लागू केले आहे. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. त्याचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे. तेथील ‘मंडली’ वर्गात घोणस व बहुधा फुरसेही येते. गावोगाव आजही टॉवेल वा नाडी आवळली जाते, त्यामागे हीच परंपरा असावी. मात्र घोणस-फुरशाचे विष दंशाजवळच्या मांसाची नासाडी करते. आवळल्याने ते तेथेच कोंडते, अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बंध सोडताच विष एकदम शरीरात पसरण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये सुचवलेली, संपूर्ण अवयवाला रुंद पट्टी गुंडाळून तो स्थिर ठेवण्याची पद्धत तेथील मज्जाविषारी (ज्यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते अशा) सापांसाठी उपयुक्त ठरली. सह्याद्रीत दंश कोणाचा हे सहसा ठाऊक नसते, म्हणून ती येथे सरसकट लावू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढावेत. मोडलेल्या हाडाप्रमाणे फळी बांधून अवयव स्थिर करावा व जखमीला न चालवता उचलून रुग्णालयात न्यावे. चिरा देऊ नये, चोखू नये, साप पकडण्यात वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

मण्यारीचा दंश वेगळा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण व वेदना जवळपास नसते. पहाटे पोटात कळ, घसा दुखणे, पापण्या मिटू लागणे एवढीच लक्षणे सुरुवातीला असतात. मुक्कामाच्या सहलीत ती पित्तावर वा जागरणावर ढकलली जातात. म्हणून उघड्यावर न झोपता पूर्ण बंद होणारा तंबू वापरावा, मच्छरदाणी असल्यास तिची कड अंथरुणाखाली खोचावी.

सापांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. वस्तीत साप आढळल्यास वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवतात.